लोडशेडिंगवर सिनेमा काढणारे इंजिनिअर: जसपाल भट्टी

गावात टीव्हीवर फक्त दूरदर्शन दिसायचं, तेव्हा १९८९ मध्ये ‘फ्लॉप शो’ लागायचा. चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. लेखन-दिग्दर्शन जसपाल भट्टींचं, निर्मिती त्यांच्या पत्नी सविता यांची. भाग जेमतेम दहा! पण विषय आपल्या रोजच्या डोकेदुखीचे: नुसत्या मिटिंगा, खोटी मेडिकल बिलं, ठेकेदारांची कामं, पीएचडीसाठी सरांच्या घरची हमाली. सरकारी चॅनेलवरच सरकारी कारभाराची खिल्ली उडायची.

भट्टी मूळचे अमृतसरचे, जन्म ३ मार्च १९५५. चंदीगडला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं. कॉलेजातच ‘नॉनसेन्स क्लब’ काढून रस्त्यावर नाटकं केली, पुढं ‘ट्रिब्यून’ पेपरात व्यंगचित्रं, मग टीव्हीवर ‘उल्टा पुल्टा’. २००९ ला महागाई वाढली तर या गड्यानं चंदीगडला जत्राच भरवली, बक्षीस काय, तर डाळ, भाजी, तेल!

शेवटचा सिनेमा पंजाबी, ‘पॉवर कट’. विषय लोडशेडिंग. त्याच्या जाहिरातीसाठी फिरताना २५ ऑक्टोबर २०१२ ला जालंधर जिल्ह्यात शाहकोटजवळ गाडीला अपघात झाला आणि भट्टी गेले. दुसऱ्याच दिवशी सिनेमा लागला. २०१३ मध्ये सरकारनं मरणोत्तर पद्मभूषण दिला. ज्याची आयुष्यभर टिंगल केली, त्याच सरकारनं.