पृथ्वीचे वय : किरणोत्सर्गी कालमापन

किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या नियत गतीने होणाऱ्या ऱ्हासावरून पृथ्वीच्या उत्पत्तीचा काळ ठरविण्याची पद्धती. युरेनियम-238 या समस्थानिकाचे निम्मे अणू सुमारे 447 कोटी वर्षांत, तर युरेनियम-235 चे निम्मे अणू सुमारे 70 कोटी वर्षांत क्षय पावतात, आणि त्यांचे पर्यवसान अनुक्रमे शिसे-206 व शिसे-207 यांत होते. भूगर्भातील उष्णता, दाब वा रासायनिक संयोग यांनी ही गती बदलत नाही, हाच या पद्धतीचा आधार.

लॉर्ड केल्व्हिन यांनी 1862 मध्ये पृथ्वीच्या थंड होण्यावरून तिचे वय 2 ते 40 कोटी वर्षांच्या दरम्यान मानले होते व पुढे ते 2 ते 4 कोटींपर्यंत खाली आणले. किरणोत्सर्गातून निघणाऱ्या उष्णतेच्या शोधाने हा सिद्धांत कोसळला असे सामान्यतः सांगतात, परंतु पृथ्वीच्या अंतर्भागात उष्णतेचे वहन अधिक वेगाने होत असेल तर केल्व्हिन यांचे गणितच टिकत नाही, हा जॉन पेरी यांचा 1895 मधील आक्षेप अधिक मर्मग्राही होता. बर्ट्रम बोल्टवुड यांनी 1907 मध्ये खनिजांतील युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून 41 ते 220 कोटी वर्षांची वये काढली. आर्थर होम्स यांनी या पद्धतीचा चिकाटीने पाठपुरावा केला.

झिरकॉनचा स्फटिक घडताना युरेनियम सामावून घेतो पण शिसे जवळजवळ वर्ज्य करतो, म्हणून त्यातील शिसे प्रायः ऱ्हासजन्यच असते व स्फटिकाचे वय निश्चित करता येते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथील झिरकॉनचे काही कण सुमारे 440 कोटी वर्षांचे आहेत. तथापि आरंभीचे कवच वारंवार वितळून नाहीसे झाल्यामुळे अशा साक्षीवरून पृथ्वी निदान एवढी जुनी आहे, इतकेच सिद्ध होते.

संपूर्ण पृथ्वीचे वय काढायचे तर जमेच्या बाजूस आज किती शिसे आहे हे कळले तरी आरंभीची शिल्लक ठाऊक असल्याखेरीज हिशेबाची रुजवात होत नाही. ही शिल्लक क्लेअर पॅटर्सन यांना ॲरिझोनातील कॅन्यन डायब्लो या लोह-अशनीत सापडली, कारण त्यातील ट्रॉइलाइट या लोह-गंधक खनिजात युरेनियम नगण्य असल्याने सूर्यमालेचे आद्य शिसे जसेच्या तसे राहिले होते. ऱ्हासातून न उपजणाऱ्या शिसे-204 शी तुलना करून त्यांनी लोह व पाषाण अशनींतील शिशाची प्रमाणे आलेखावर मांडली, तेव्हा ती एका सरळ रेषेवर आली व त्या रेषेच्या उतारावरून 455 कोटी वर्षे, अधिक-उणे 7 कोटी, हा काळ निघाला; समुद्रतळाच्या गाळातील शिसेही त्याच रेषेशी जुळले, म्हणून 1956 च्या निबंधात त्यांनी तेच वय पृथ्वीलाही लागू केले. खरी अडचण गणिताची नव्हती: प्रयोगशाळेतील हवा, पाणी, काचपात्रे व स्वतः संशोधकही नमुन्यात बाहेरचे शिसे मिसळीत असल्यामुळे पॅटर्सन यांना कित्येक वर्षे शुद्धीकरणातच घालवावी लागली, आणि त्याच दक्षतेतून पेट्रोलमधील शिशाने वातावरण दूषित होत असल्याचे त्यांच्या ध्यानी आले.

आज सर्वसाधारणपणे 454 कोटी वर्षे हा आकडा स्वीकारतात. तो एखाद्या विवक्षित दिवसाचा नसून सूर्यमालेतील द्रव्य एकवटून युरेनियम व शिसे यांची विभागणी झाली त्या कालखंडाचा आहे. पृथ्वीची संपूर्ण घडण व तिच्या लोहगाभ्याचे विलगीकरण यांस त्यानंतरही काही कोटी वर्षे लागली.