तळटिपा लिहिणारा गुलाम

१/९
जोनाथन स्ट्राउड या इंग्रज लेखकाची ‘द ॲम्युलेट ऑफ समरकंद’ ही कादंबरी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. कुमार वाचकांसाठी लिहिलेल्या या अद्भुतकथेचा मुख्य निवेदक बार्टिमियस हा पाच हजार वर्षांचा जिन आहे. तो बढाईखोर, कुत्सित आणि कातडीबचाऊ आहे. तरीही वाचक त्याचीच बाजू घेतो. असे का होते, हे समजून घ्यायला इतिहास उपयोगी पडतो.

२/९
कथेतील लंडनवर जादूगारांचे राज्य आहे. गंमत अशी, की या जादूगारांजवळ स्वतःचे सामर्थ्य जवळजवळ नाहीच. ते मंत्राने जिनांना बोलावतात, यातनांच्या धाकात ठेवतात आणि राबवून घेतात. साम्राज्य उभे आहे ते या वेठबिगारीवर. मिसरूडही न फुटलेला नॅथॅनिएल अपमानाचा सूड घेण्यासाठी बार्टिमियसला चोरी करायला धाडतो.

३/९
या साम्राज्याचा आराध्यपुरुष आहे ग्लॅडस्टन, प्रागच्या जादूगारांची सत्ता मोडणारा. वास्तवातील विल्यम ग्लॅडस्टन चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झाले आणि उदारमतवादाचे प्रतीक मानले गेले. लेखकाच्या मनात काय होते ते असो; पण बंदिवान श्रमांवरील साम्राज्याशी हे नाव जोडले जाणे इतिहासाला धरूनच आहे.

४/९
विल्यम यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन वेस्ट इंडीज आणि ब्रिटिश गयाना येथील मळ्यांचे मालक होते. १८३३ मध्ये तरुण खासदार विल्यम यांनी संसदेत वडिलांच्या मळ्याचा बचाव केला. त्याच वर्षी गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला आणि २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. ती मिळाली मालकांना. जॉन यांच्या वाट्याला १ लाख पौंडांहून अधिक रक्कम आली. राबलेल्या माणसांना छदामही मिळाला नाही.

५/९
मळ्यांना मजूर हवेच होते. १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजे कलकत्त्याहून भारतीय मजूर घेऊन ब्रिटिश गयानाला पोहोचली. या योजनेमागे जॉन ग्लॅडस्टन यांचाच पुढाकार होता. गिरमिटियांच्या तेथील इतिहासाचा आरंभ येथे होतो.

६/९
या व्यवस्थेत राबणाऱ्यांनी स्वतःची कहाणी सांगितली का? सांगितली. मेरी प्रिन्स या गुलाम स्त्रीचे आत्मकथन १८३१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. परंतु ते लिहून घेतले दुसरीने, आणि त्यावर टिपा व पुरवणी जोडली संपादक थॉमस प्रिंगल यांनी. विरोधकांनी तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, तेव्हा तिच्या सचोटीची ग्वाहीही इतरांना द्यावी लागली. गुलामाचे बोलणे खरे मानायचे, तर आधी तो निष्कलंक ठरला पाहिजे, अशी ही अट होती.

७/९
बार्टिमियसचे आकर्षण नेमके येथे आहे. त्याच्या प्रकरणांना तळटिपा आहेत आणि त्या तो स्वतः लिहितो. त्यांत तो मालकांची खिल्ली उडवतो, गतकाळातील राजेरजवाड्यांच्या आठवणी सांगतो, स्वतःची तारीफ करतो. ग्वाही देणारा संपादक त्याला लागत नाही. तो सज्जन नाही, म्हणून त्याच्यावरील अन्याय कमी ठरत नाही.

८/९
मात्र त्याचा प्रत्येक शब्द प्रमाण मानावा असेही नाही. बढाईखोर साक्षीदाराची साक्ष पारखूनच घ्यावी लागते. कादंबरीतच त्याची सोय आहे: नॅथॅनिएलची प्रकरणे तृतीयपुरुषी निवेदनात येतात. दोन्ही बाजू ताडून पाहताना कुमार वाचक नकळत साधनचिकित्सा शिकतो. शिवाय सत्तेची चव लागल्यावर दुखावलेला मुलगा कसा कठोर मालक बनत जातो, हेही तो पाहतो.

९/९
या मालिकेत बार्टिमियसला एकच मालक मनापासून प्रिय आहे: प्राचीन अलेक्झांड्रियातील टॉलेमी हा मुलगा. त्याने जिनाला हुकूम सोडण्याऐवजी प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहून ठेवली. मेरी प्रिन्सच्या आधी आणि नंतरही असंख्य माणसे राबली. त्यांच्यातील बहुतेकांना असा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मळ्यांच्या हिशेबवह्यांत त्यांची किंमत सापडते, कहाणी सापडत नाही.