कोविन, ठाणे जिल्हा आणि एक ड्रॉपडाउन

सरकारी आरोग्यसेवेतले मोठे आयटी प्रकल्प का गडबडतात, यावर वाचायला बसलात की पहिलं उदाहरण हमखास इंग्लंडचं येतं. एनएचएसचा राष्ट्रीय आयटी कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला, अब्जावधी पौंड गेले आणि सप्टेंबर २०११ मध्ये तो गुंडाळायचं जाहीर झालं. अपयशाचा सरळ नमुना. आपलं कोविन या साच्यात बसत नाही. २१ ऑक्टोबर २०२१ ला देशात १०० कोटी डोस पूर्ण झाले, आणि हिशोब कोविनवरच होता. मग गडबड कुठे शोधायची? माझ्या मते, देशाचा आकडा बाजूला ठेवून एका जिल्ह्यात.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं आणि कोविनच्या तांत्रिक अडचणींमुळे महाराष्ट्राने ते लगेच दोन दिवस थांबवलं. हे टाइमलाइनमध्ये टाका आणि पुढे चला. खरा पेच मे महिन्यातला. १८ ते ४४ वयोगटाला आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. केंद्र शोधायचं तर पिनकोड टाकायचा, नाहीतर जिल्हा निवडायचा. 'ठाणे' निवडलं की एकाच यादीत ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी अशा सहा महापालिका, आणि शहापूर-मुरबाडची ग्रामीण केंद्रंही. (२०१४ ला पालघर वेगळा झाला नसता तर जव्हार-मोखाडाही याच यादीत असते.) स्थानिक पत्त्याची अट नव्हती.

लस कमी, माणसं फार. शहरात स्लॉट मिळेना म्हटल्यावर ज्याच्याकडे गाडी आणि चांगलं नेट, तो ग्रामीण केंद्राचा स्लॉट पकडून निघाला. केंद्र गावात, रांग शहराची! ठाणे-पालघरच्या ग्रामीण भागातून तेव्हा तशा तक्रारी आल्या. पोर्टल तर जूनच्या सुरुवातीपर्यंत मराठीतही नव्हतं.

आता बघा, यात सॉफ्टवेअर कुठे बिघडलंय? सांगितलं ते त्याने चोख केलं. जिल्हा हे महसुली कारभाराचं एकक. तेच लसीच्या रांगेचं एकक झालं, ही मांडणी माणसांनी केलेली. 'स्थानिक यंत्रणा मागास होती' हे नेहमीचं उत्तरही इथे चालत नाही, कारण कल्याण-डोंबिवली महापालिका २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ई-गव्हर्नन्ससाठी राज्यात नावाजली होती.

दुरुस्त्यांच्या तारखा नीट लिहून ठेवा. ८ मे: लस न घेताच 'लस घेतली' असे मेसेज येऊ लागल्यामुळे चार अंकी कोड. २४ मे: सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीला परवानगी. ३१ मे: डिजिटल दरीवर सर्वोच्च न्यायालयाचे सवाल. प्रत्येक दुरुस्ती म्हणजे आधी काय गृहीत धरलं होतं त्याची कबुलीच. स्मार्टफोन आहे, इंग्रजी येतं, ओटीपी वेळेत येतो.

आणि संशोधनाच्या दृष्टीने सगळ्यात अवघड गोष्ट ही: कोविन लाभार्थ्याचा पत्ता घेतच नव्हतं. म्हणजे शहापूरच्या केंद्रावर किती डोस दिले हे कळेल, पण त्यातले शहापूरकर किती, हे त्या डेटातून कधीच निघणार नाही. त्यासाठी केंद्रावरच्या नर्सताई, आशाताई, डेटा एंट्रीवाली मुलं यांच्याशी बोलावं लागेल, आणि ते लवकर, कारण कंत्राटी माणसं पांगतात.