गाळ्यांचा हिशेब

कॉमर्सच्या पदवीधराने शब्दांच्या वाटेला जाऊ नये, असा एक समज आहे. पण ज्याचा संसार 'जमा' आणि 'नावे' या दोनच शब्दांवर चालतो, त्याला तिसऱ्या एखाद्या शब्दाची चौकशी करायला काय हरकत आहे? माझा तिसरा शब्द 'व्हायाडक्ट'.

हा शब्द बनला लॅटिन मालातून. 'व्हिया' म्हणजे रस्ता आणि 'डुकेरे' म्हणजे नेणे. पाणी नेणारा तो अ‍ॅक्विडक्ट, त्याच चालीवर रस्ता नेणारा तो व्हायाडक्ट. कमानी बांधल्या रोमनांनी, नाव ठेवले इंग्रजांनी, तेही एकोणिसाव्या शतकात. बाळ म्हातारे झाल्यावर बारसे! अर्थ एवढाच, की दरी किंवा सखल जमीन ओलांडणारा, एकामागून एक अनेक गाळे असलेला पूल. खाली पाणी असलेच पाहिजे, अशी अट नाही.

आमच्या सास्तूरच्या शाखेत मी हा अर्थ सांगितला, तेव्हा शिपाईमामा म्हणाले, "पाणीच न्हाई तर पूल कशाला ओ साहेब?" प्रश्न चोख होता. मराठवाड्यात पाणी नसलेल्या नद्यांवरही पूल असतात, ही गोष्ट मी बोललो नाही.

आपल्याकडे हे प्रकरण आगगाडीबरोबर आले. 1853 साली गाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गेली. 1854 साली खाडी ओलांडून कल्याणला पोचली. बोरघाट खुला व्हायला 1863 उजाडले, आणि तिथे दऱ्यांवर दगडी व्हायाडक्ट उभे राहिले. त्यातला एक 1867 च्या पावसाळ्यात चक्क कोसळला. पुढे कोकण रेल्वेने रत्नागिरीजवळ पानवल नदीवर 424 मीटर लांब आणि 64 मीटर उंच व्हायाडक्ट बांधला. खाली बघायची हिंमत असलेल्या प्रवाशाला तिकिटात सूट द्यायला हवी.

मराठीत याला काय म्हणावे? 'पूल' फारसीतून आला आणि घरचा झाला. 'साकव' कोकणातला, ओढ्यापुरता. 'सेतू' संस्कृत; त्याच्या मुळाशी बांधणे आहे, म्हणून तो बांधही होतो आणि पूलही. पुण्याजवळच्या महामार्गावर लोकांनी कोणत्याही समितीला न विचारता 'दरी पूल' म्हणून टाकले. मला तो सर्वांत आवडतो. समितीने 'बहुगालीय मार्गवाहक' असे काहीतरी केले असते आणि एसटीच्या कंडक्टरने ते उच्चारताना दात गमावले असते.

पण खरा शब्द आहे 'गाळा'. दोन खांबांमधली जागा ती गाळा. बँकेत गाळा म्हटले की दुकान, कर्ज आणि जामीनदार डोळ्यांपुढे येतात. पुलाला गाळे, बाजाराला गाळे, आणि घराला 'खण'. आमच्या भागात वाड्याची ऐपत खणांत मोजत. सोयरीक जमवताना मुलाचे शिक्षण नंतर, आधी "किती खणांचं घर?"

हा हिशेब 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी तपासला गेला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते, गावे झोपेत होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे माळवदाचे ओझे माणसांवर आले. मृतांचा आकडा आठ-दहा हजारांच्या घरात सांगितला जातो. मात्र जिथे छत लाकडी खांबांवर पेललेले होते, तिथे भिंती पडूनही अनेक ठिकाणी खणांचा सांगाडा उभा राहिला. ज्या भिंतींच्या जाडीचा अभिमान होता, त्यांनीच घात केला. आणि ज्या खांबांकडे कोणी वळून पाहिले नव्हते, त्यांनी माणसे वाचवली.

आता सास्तुरात कोणी घरबांधणीच्या कर्जाला आला, की मी कागदांबरोबर खांबांचीही चौकशी करतो. नियमात ते कलम नाही. पण शिपाईमामा हळूच म्हणतात, "इचारा साहेब, इचारा."