काळोख आणि टिकटिक

प्रेक्षकाचा श्वास रोखून धरावयास किती साधने लागतात? आजच्या दहा मिनिटांच्या भयपटात कॅमेरा, रंग आणि संगीत ही तिन्ही एकाच वेळी राबत असतात. १९३७ साली पडद्यावर आलेल्या दोन कृष्णधवल चित्रपटांचे काम याहून पुष्कळ कमी सामग्रीत भागले.

पहिला ‘एलिफंट बॉय’. रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी त्याचे बाह्यचित्रण म्हैसूर संस्थानात केले. पुढे झोल्टन कोर्डा यांनी इंग्लंडात डेनहॅम येथे आणखी प्रसंग घेतले. नायक साबू हा म्हैसूरच्याच एका माहुताचा मुलगा. हत्तींच्या रात्रीच्या नृत्यात भय उपजते ते दृष्टीतून: इवले पोर, भोवती काळोख, आणि त्या काळोखाहून काळे असे हलणारे देह. रंग असता तर ते रान नुसते सुंदर दिसले असते, असे मला वाटते. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक या दोघांना मिळाले.

दुसरा पुण्याच्या प्रभातचा ‘कुंकू’. यात खून नाही, दरोडा नाही. आहे तो जरठ-कुमारी विवाह. व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत साफ वगळले. कानी पडतात ते घरातले नि रस्त्यावरचे आवाज. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक चालू असते आणि केशवराव दात्यांच्या वृद्ध काकासाहेबांचे मन आतून पोखरत जाते. एखाद्या व्हायोलिनने आधीच वर्दी दिली असती तर प्रेक्षक सावध झाला असता. येथे त्याला सावध करावयास कोणी नाही. वाद्य वाजते तेही त्या प्रसंगातल्या माणसाने वाजविले तरच.