ज्या युद्धात कोणी जिंकलं नाही, त्याचा गेम

सगळ्यात आधी अडलं ते नकाशापाशी.

'युरोपा युनिवर्सालिस ४' नावाचा एक स्ट्रॅटेजी गेम आहे. ११ नोव्हेंबर १४४४ या तारखेला तो सुरू होतो आणि जगातलं कुठलंही राज्य घेऊन तुम्ही पुढची चार शतकं खेळू शकता. या गेमच्या बऱ्याचशा फायली साध्या मजकुराच्या असतात. कुठला प्रांत कोणाकडे, राजा कोण, वारस कोण, कुठली घटना कधी घडणार, हे सगळं उघडून बदलता येतं. असं बदलून जो नवा खेळ तयार होतो, त्याला मॉड म्हणतात. माझा भाचा अशा कामात तरबेज आहे. त्याला जपानवर मॉड करायचा होता आणि इतिहासाची बाजू सांभाळायला त्याने मला धरलं. त्याच्या मनात नोबुनागा, तलवारी, किल्ले, सामुराईंचे घोडे असं सगळं होतं. मी त्याला ओनिनच्या युद्धाकडे ओढलं.

नोबुनागावर गेम भरपूर आहेत. कोएई कंपनीने १९८३ सालीच त्याच्या नावाचा गेम काढला होता. 'शोगुन २' तर आपल्याकडचीही पोरं खेळतात. या सगळ्या खेळांचा गाभा एकच असतो: आपला मुलूख वाढवत न्यायचा, क्योतो घ्यायचं आणि शोगुन व्हायचं. 'युरोपा'मध्येही ज्या सरदाराच्या हाती क्योतो लागतं, तो शोगुन होतो. पण ही सगळी यादवी जिथून पेटली, ते १४६७ ते १४७७ चं युद्ध कोणी सहसा खेळायला घेत नाही. कारण उघड आहे. त्या युद्धात दोन्ही पक्ष पहिल्या दिवसापासून क्योतोमध्येच होते.

आता नकाशाची अडचण लक्षात येईल. या गेममध्ये क्योतो हा एक प्रांत आहे, म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. आणि दहा वर्षांचं हे युद्ध मुख्यतः त्या ठिपक्याच्या आत झालं. पूर्व फौजेचा नायक होसोकावा कात्सुमोतो आणि पश्चिम फौजेचा नायक यामाना सोझेन यांचे वाडे एकमेकांपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर होते. 'पूर्व' आणि 'पश्चिम' ही नावं ऐकून जपानचे दोन भाग डोळ्यांपुढे येतात, पण तसं काही नाही. शहराच्या उत्तर भागात एकाचा वाडा पूर्वेला, दुसऱ्याचा पश्चिमेला, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय सोझेन हा कात्सुमोतोचा सासरा. भाऊबंदकी, सासुरवाडी आणि शेजार, तिन्ही एका जागी.

भाच्याने यावर तोड काढली. या गेमचा नकाशा म्हणजे एक चित्र असतं, त्यात प्रत्येक प्रांताला वेगळा रंग. त्याने समुद्राच्या एका रिकाम्या कोपऱ्यात क्योतो शहर मोठं करून रंगवलं आणि वस्ती-वस्तीचे प्रांत केले. वरची वस्ती कामिग्यो, खालची शिमोग्यो, मधले मठ, नदीपलीकडच्या टेकड्या. मग ते सगळं मूळ जपानला वाटांनी जोडून दिलं. दिसायला विचित्र दिसतं, पण खेळता येतं.

युद्ध लागलं कशावरून, हे फायलींत बसवणं त्याहून अवघड. शोगुन होता आशिकागा योशिमासा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याने भिक्षू झालेल्या धाकट्या भावाला, योशिमीला, १४६४ मध्ये मठातून बाहेर काढून वारस नेमलं. दुसऱ्याच वर्षी शोगुनची बायको हिनो तोमिको हिला मुलगा झाला, योशिहिसा. इथवरची गोष्ट कुठल्याही घराण्यात शोभेल अशीच आहे. पण तेव्हा मोठ्या घराण्यांत दोन वेगळे वारसातंटे आधीच पेटलेले होते. हाताकेयामा घराण्यात पुतण्या मासानागा विरुद्ध मुलगा योशिनारी. शिबा घराण्यात योशितोशी विरुद्ध योशिकादो. शोगुन आज याच्या बाजूने निकाल द्यायचा, उद्या त्याच्या. कात्सुमोतो एका दावेदाराच्या मागे उभा राहिला की सोझेनने दुसऱ्याच्या मागे उभं राहायचं, असं ठरूनच गेलं होतं. १४६७ च्या पहिल्याच महिन्यात मासानागाने स्वतःचा वाडा पेटवून दिला आणि शहराच्या उत्तरेला कामिगोर्यो देवस्थानात मोर्चा लावला. कोणी मध्ये पडायचं नाही असा शोगुनचा हुकूम होता. कात्सुमोतोने तो पाळला, सोझेनने मोडला. मासानागा हरला. कात्सुमोतो चार महिने गप्प बसून फौज जमवत राहिला आणि पाचव्या महिन्यात खरं युद्ध सुरू झालं.

पुढचा प्रकार तर गेमच्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. सुरुवातीला भाऊ योशिमी होसोकावांच्या आसऱ्याला होता आणि बाळ योशिहिसाची बाजू यामानांकडे, असं मानलं जातं. पण शोगुनचा वाडा होसोकावांच्या ताब्यात गेला, म्हणजे शोगुन, त्याची बायको आणि ते बाळ पूर्वेकडे आलं. योशिमीला तिथे राहणं धोक्याचं वाटू लागलं. तो एकदा शहर सोडून गेला, परत आला आणि १४६८ च्या अखेरीस थेट सोझेनच्या छावणीत जाऊन बसला. ज्याच्या गादीसाठी लढायचं, तोच पलीकडे गेला आणि लढाई होती तशीच चालू राहिली! गेममध्ये युद्ध पुकारायला एक कारण निवडावं लागतं आणि ते कारण शेवटपर्यंत बदलत नाही. भाचा म्हणाला, "मामू, मग हे लढत कशासाठी होते?" मला या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर देता येईना. शेवटी आम्ही तसंच केलं. वारस बाजू बदलतो, युद्धाचं घोषित कारण गळून पडतं आणि तरीही तहाचा पर्याय खुला होत नाही. खेळणाऱ्याला राग येतो. येऊ दे.

फौजांचे आकडे 'ओनिनकी' या बखरीत आहेत: पूर्वेकडे सुमारे १ लाख ६० हजार, पश्चिमेकडे १ लाख १० हजारांवर. बखरीतले आकडे हे बखरीतले आकडे. मी ते बरेच खाली आणायला लावले. एवढी माणसं आणि घोडे त्या शहरात राहिले असते तर लढाईची गरजच पडली नसती, उपासमारीनेच निकाल लागला असता.

उपासमारीवरून आठवलं. मॉडची सुरुवात १४६७ मध्ये करावी की आधी, यावर आमचा वाद झाला. मला १४६० हवं होतं. त्या साली आणि पुढच्या साली जपानात भीषण दुष्काळ पडला. खेड्यांतली माणसं राजधानीत काही मिळेल म्हणून आली आणि रस्त्यावर मेली. क्योतोमधल्या एका भिक्षूने लाकडाचे ८४ हजार छोटे स्तूप करून घेतले आणि प्रत्येक प्रेतावर एकेक ठेवत गेला. शेवटी त्याच्याकडे २ हजार उरले. म्हणजे ८२ हजार माणसं. तोफुकुजी मठातल्या एका भिक्षूच्या रोजनिशीमुळे ही नोंद आपल्यापर्यंत आली. बखरीतल्या लाख-दीड लाखावर माझा विश्वास नाही, पण या आकड्यावर बसतो, कारण तो एकेक लाकूड ठेवत मोजलेला आहे. त्याच काळात शोगुन योशिमासाचं वाड्याचं आणि बागेचं काम चालू होतं. खुद्द सम्राट गो-हानाझोनो याने कविता लिहून त्याला टोचलं, तेव्हा कुठे ते थांबलं.

या ८२ हजारांना गेममध्ये जागा नाही. प्रांताला महसूल असतो, उत्पादन असतं, सैन्यभरतीचा आकडा असतो. माणूस असा नसतोच. दुष्काळ दाखवायचा तर महसूल थोडा घटवायचा आणि पाच वर्षांत तो पुन्हा वाढतो. मी भाच्याला सांगितलं की खेळ सुरू होताना एक खिडकी उघडू दे, त्यात ही गोष्ट येऊ दे आणि खाली एकच बटण असू दे. ते दाबून काहीही मिळत नाही, काही जातही नाही. त्याच्या मित्रांनी म्हणे विचारलं, या बटणाचा उपयोग काय. ते मी काढू दिलेलं नाही.

खरं तर दुष्काळातून पळालेली, कर्जात बुडालेली हीच माणसं पुढे युद्धात दिसतात. त्यांना 'आशिगारु' म्हणत, म्हणजे हलक्या पायांचे. चिलखत नाही, घोडा नाही, लुटीवर पोट. होनेकावा दोकेन हा त्यांचा एक म्होरक्या. पूर्वी शहराच्या पहाऱ्याच्या खात्यात हलक्या कामावर असलेला हा माणूस होसोकावांच्या बाजूने सुमारे ३०० जण घेऊन इनारी टेकडीवर बसला आणि पश्चिमवाल्यांची रसद तोडू लागला. १४६८ मध्ये त्याला वेढलं. बाईच्या वेशात निसटायला गेला आणि मारला गेला. गेममध्ये त्याला सेनापती करताना भाच्याने त्याचे गुण सामुराईंपेक्षा वरचे ठेवले. मी हरकत घेतली नाही.

दरबारी विद्वान इचिजो कानेयोशी याचा मात्र या लोकांवर भयंकर संताप. पुढे तरुण शोगुन योशिहिसासाठी लिहिलेल्या उपदेशात त्याने त्यांना दिवसाढवळ्या दरोडे घालणारे म्हटलं आहे. त्याचा मोठा ग्रंथसंग्रह या धामधुमीत लुटला आणि उधळला गेला होता, हे लक्षात घेतलं की तो संताप कळतो. पण त्यांना पगाराऐवजी लुटीची मोकळीक कोणी दिली, हेही विचारायला हवं. सरदारांनीच.

पहिल्या वर्षभरातच शोकोकुजी, नानझेनजी हे मोठे मठ जळाले, मग तेनर्युजी, १४६९ मध्ये कियोमिझु. गिओनचा उत्सव १४६७ मध्ये बंद पडला तो १५०० मध्ये पुन्हा सुरू झाला. लढाया मात्र हळूहळू कमी होत गेल्या. दोन्हीकडे खंदक, लाकडी मनोरे, तटबंद्या. माणसं समोरासमोर नुसती बसून राहिली. गेमच्या भाषेत सांगायचं तर युद्धाचा गुणफलक शून्यावर अडकलेला आणि थकव्याचा आकडा तेवढा वाढतोय.

आणि इथेच या युद्धाचा खरा उलगडा आहे. हे सरदार मुळात क्योतोमध्ये का राहत होते? आशिकागांच्या रीतीप्रमाणे सुभेदाराने राजधानीत राहायचं आणि त्याच्या सुभ्यात नायबाने कारभार बघायचा. सुभेदार दहा वर्षं खंदकात बसले आणि तिकडे नायब आणि गढीवाले मालक झाले. शिबांचा माणूस असाकुरा ताकाकागे पश्चिमेकडून लढत होता. १४७१ मध्ये एचिझेन प्रांताच्या बदल्यात तो पूर्वेला मिळाला. शिबांचेच ओवारीतले नायब म्हणजे ओदा. नोबुनागा त्या कुळाच्या एका शाखेतला. म्हणजे भाच्याला जो नायक हवा होता, त्याची पायवाट या खंदकांच्या मागूनच निघते. गेममध्ये 'स्थानिक स्वायत्तता' नावाचा आकडा असतोच. आम्ही एवढंच केलं की तुमची फौज क्योतोमध्ये जितके महिने राहील, तितका तुमच्या गावाकडचा तो आकडा वाढत जाईल. खेळणारा समोरच्या शत्रूकडे बघत राहतो आणि मागे त्याचं घर रिकामं होतं. या मॉडमधलं मला सगळ्यात पटलेलं काम हे.

तोमिकोचं काय करायचं, हा प्रश्न बरेच दिवस होता. जुन्या कथेत सगळा दोष तिचा: मुलाच्या गादीसाठी तिने देश पेटवला. आपल्याकडे 'ध'चा 'मा' केला की इतिहास आटोपतो, तसंच. तिने सरदारांना व्याजाने पैसे दिले, शत्रुपक्षालाही दिले आणि युद्धानंतर क्योतोच्या वाटांवर जकातनाके बसवले, हे तर नाकारता येत नाही. पण हाताकेयामांचं भांडण ती आई होण्याच्या दहा वर्षं आधीचं. अलीकडचे अभ्यासकही बखरीतली ही खलनायिका जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. नवरा टेकडीवरच्या विश्रामवाड्याची स्वप्नं बघत असताना तिजोरी कोणीतरी सांभाळायला हवी होतीच. आमच्या मॉडमध्ये ती सावकार आहे. तिच्याकडून कर्ज दोन्ही बाजूंना मिळतं आणि युद्ध लांबतं ते घेणाऱ्यामुळे.

सोझेन आणि कात्सुमोतो दोघंही १४७३ मध्ये मेले, दोन महिन्यांच्या अंतराने. युद्ध तरीही चार वर्षं रेंगाळलं. १४७७ च्या अखेरीस ओउची मासाहिरो माफी आणि आपले सुभे पदरात पाडून घेऊन निघून गेला, बाकीच्या पश्चिमवाल्यांनीही तळ जाळले आणि गावाकडची वाट धरली. पांगलेले विणकर परत आले आणि त्या रिकाम्या छावणीच्या जागेवर माग लावून बसले. त्या वस्तीचं नाव आजही निशिजिन आहे, म्हणजे 'पश्चिमेचा तळ'. तिथलं रेशीम प्रसिद्ध आहे.

राहिला प्रश्न जिंकण्याचा. भाच्याला पडद्यावर 'विजय' असा शब्द कुठेतरी हवाच होता, नाहीतर कोणी खेळणार नाही म्हणाला. मी त्याला १४८५ पर्यंत पुढे नेलं. ते दोघे हाताकेयामा तेव्हाही लढतच होते, आता क्योतोच्या दक्षिणेला, यामाशिरोच्या शेतांमध्ये. वर्षाच्या अखेरीस तिथले गढीवाले आणि शेतकरी एकत्र जमले. नारा इथला मठाधिपती जिन्सोन, जो त्या संतापलेल्या कानेयोशीचाच मुलगा, आपल्या रोजनिशीत लिहितो की जमलेल्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांपासून साठ वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे होते. त्यांच्या मागण्या थोड्या होत्या. दोन्ही फौजांनी निघून जावं, जमिनी जुन्या मालकांना मिळाव्यात, नवे जकातनाके नकोत. फौजा निघून गेल्या. पुढच्या वर्षी उजीच्या ब्योदोइन मंदिरात बैठक होऊन कारभाराचे नियम ठरले आणि १४९३ पर्यंत त्या भागाचा कारभार तिथल्याच माणसांनी चालवला.

तर आता त्या रंगवलेल्या नकाशाच्या खालच्या टोकाला एक छोटा प्रांत आहे. तो घेऊन खेळायला बसलं तर तुमच्याकडे फौज जवळपास नसते, सेनापती नसतो, गादीवर दावाही नसतो. दोन्ही हाताकेयामांच्या फौजा तुमच्या हद्दीबाहेर गेल्या की 'विजय' अशी पाटी येते. भाच्याने ते आत्तापर्यंत दोनदा खेळून बघितलंय, दोन्ही वेळा हरला.