लिनक्स सेवेची पर्यावरण चले

लिनक्स सर्व्हरवर पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवेला सुरू होतानाच मिळणाऱ्या नाव-मूल्य जोड्यांना पर्यावरण चले म्हणतात. व्यवहारात 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल' हाच शब्द रूढ आहे. डेटाबेसचा पत्ता, पोर्ट क्रमांक, कालविभाग अशी माहिती त्यांतून पुरवली जाते. ही सोय १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून चालत आली आहे.

प्रत्येक प्रक्रियेला आपले पर्यावरण जनक प्रक्रियेकडून वारशाने मिळते. प्रोफाइल किंवा बॅशआरसी या फायली वापरकर्त्याचे शेल वाचते. सेवा मात्र शेलमधून जन्मत नाही, तिला सिस्टमडी सुरू करते. त्यामुळे टर्मिनलवर नीट चालणारा प्रोग्रॅम सेवा म्हणून चालवताच बंद पडतो आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

== कायमची नोंद ==

'सिस्टमसीटीएल एडिट' ही आज्ञा सेवेच्या नावासह दिल्यास ईटीसी निर्देशिकेखाली स्वतंत्र पूरक फाइल तयार होते. तिच्या 'सर्व्हिस' विभागात 'एन्व्हायर्नमेंट' या निर्देशापुढे जोडी लिहितात. मूळ युनिट फाइल बदलण्यापेक्षा हाच मार्ग श्रेयस्कर, कारण पॅकेज अद्ययावत झाले तरी पूरक फाइल शाबूत राहते. पूरक फाइल हाताने लिहिली असेल, तर 'डेमन-रीलोड' आज्ञा द्यावी लागते. सेवा पुन्हा सुरू करणे मात्र दोन्ही वेळा अटळ आहे; चालू प्रक्रियेचे पर्यावरण बाहेरून बदलत नाही.

चले पुष्कळ असल्यास ती वेगळ्या फाइलीत लिहून 'एन्व्हायर्नमेंटफाइल' या निर्देशाने तिचा मार्ग देतात. एकच चल दोन्हीकडे असल्यास फाइलीतील मूल्य ग्राह्य धरले जाते. मार्गाआधी वजाचिन्ह असल्यास फाइल नसतानाही सेवा सुरू होते. ही फाइल शेलची आज्ञावली नव्हे: सवयीने लिहिलेल्या 'एक्स्पोर्ट'ची ओळ अवैध ठरते, आणि डॉलरचिन्हासह लिहिलेले दुसऱ्या चलाचे नाव विस्तारले न जाता अक्षरशः तसेच राहते. 'पाथ' या चलाच्या बाबतीत ही चूक विशेष महागात पडते.

== गोपनीयता ==

युनिटमध्ये थेट लिहिलेली मूल्ये 'सिस्टमसीटीएल शो' या आज्ञेने सर्व्हरवरील सामान्य वापरकर्त्यालाही दिसतात. म्हणून तेथे पासवर्ड लिहू नये. केवळ रूटला वाचता येणारी वेगळी फाइल त्याहून बरी. तरीही ती मूल्ये सेवेच्या अपत्य प्रक्रियांपर्यंत पोचतातच. सिस्टमडीच्या २४७ व्या आवृत्तीपासून अशा गुपितांसाठी 'लोडक्रेडेन्शियल' हा निर्देश उपलब्ध आहे.